नाव न विचारण्याचे हमीपत्र

तारखा मी सणावाराने देतो. घरातल्या कॅलेंडरांवर मी पेनाने खुणा करतो आणि जुनी कॅलेंडरे टाकून देत नाही, त्यामुळे त्यांविषयी वाद होऊ नये.

आठ वर्षांपूर्वी, गुढीपाडव्यानंतरचा पहिला रविवार : मी प्रथम चूर्ण खाल्ले. जबाबदार, चूर्ण देणारे आबा, राहणार परंडा तालुक्यातील एक गाव, वय आज ऐंशीच्या पुढे.

त्याच वर्षी, नागपंचमीच्या आधीचा रविवार : हमीपत्राचा मसुदा झाला. जबाबदार, मी.

गेल्या दिवाळीनंतरचा दुसरा रविवार : माझी एक चप्पल एसटीत राहिली. जबाबदार कोण, हे ठरवण्यासाठीच हे लिहीत आहे.

यंदा, होळी झाल्यावरचा गुरुवार : सोलापूरच्या डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला. त्याचे उत्तर ज्यांच्याजवळ आहे ते जबाबदार.

यंदा, अक्षय तृतीयेनंतरचा रविवार : माझेच हमीपत्र मला मोठ्याने वाचावे लागले. जबाबदार आबा, मी, आणि ऐकत बसलेले सगळे.

मी अर्जनवीस. धाराशिवच्या न्यायालयाच्या आवारात कडुनिंबाखाली पेटी मांडून मी पंचेचाळीस वर्षे लोकांचे अर्ज, कैफियती, संमतिपत्रे आणि नोटिशींची उत्तरे लिहिली. मी वकील नव्हे. वकिलाकडे जाण्यापूर्वी माणूस ज्याच्याकडे येतो, तो. दहा ते पाच मांडी घालून बसायचे, पेटीच्या झाकणावर कागद, पोटात नुसता चहा. पक्षकार समोर असताना उठायचे नाही, कारण आपण उठलो की तो शेजारच्या पेटीकडे सरकतो. पोटाची वाट मी अशी स्वतः बंद केली; ते कुणावर ढकलण्याचा माझा विचार नाही. मात्र बंद करणे आणि बिघडवणे या दोन वेगळ्या कृती आहेत, आणि माझी तक्रार दुसऱ्या कृतीविषयी आहे.

ज्यांचे पोट रोज सकाळी आपोआप साफ होते, त्यांना ही गोष्ट समजावून सांगता येत नाही. मला चार-चार दिवस काही होत नसे. पाचव्या दिवशी डोके जड, तोंडाला चव नाही, आणि जेवणाचे ताट समोर आले की ते उरकायचे काम वाटे. घरात संडास एकच. मी आत गेलो की तासभर बाहेर येत नसे आणि शाळेत जाणारी मुले बाहेरून कडी वाजवत. शेवटी पत्नीने नियम केला की मी सर्वांत शेवटी जायचे. त्यामुळे मला रोज उशीर होऊ लागला, आणि आवारातले लोक म्हणू लागले की अर्जनवीस हल्ली बाराला उगवतात.

उपाय सगळे झाले. एरंडेल, इसबगोल, त्रिफळा, गरम पाण्यात तूप, भिजवलेले मनुके. एका बाईंनी बेंबी सरकली आहे असे निदान करून पोटावर पेटती पणती ठेवली आणि तिच्यावर तांब्या पालथा घातला. तांब्या घट्ट बसला, कातडीवर गोल वळ उठला, पोट होते तसेच राहिले. मी मूळचा बेंबळी गावचा. त्यामुळे आवारातल्या वकिलांना दोन महिने पुरेल इतका विनोद मिळाला. बेंबळीकराची बेंबी सरकली असेल तर ती शोधायचा अर्ज कोणत्या तालुक्यात करायचा, हद्दीचा मुद्दा निघेल, असे एकाने भर चहात विचारले. मीही हसलो. हसल्याने पोटावर ताण येतो, तो आला.

आबांचा पत्ता मला एका निवृत्त एसटी ड्रायव्हरने दिला. तो पेन्शनचा अर्ज लिहून घ्यायला आला होता. मी लिहीत असताना तो कागदाकडे न पाहता माझ्या तोंडाकडे पाहत होता.

"साहेब, चार दिस झालं का पाच?"

मी पेन थांबवले. पाच, असे सांगितले.

"आइतवारी माझ्यासंगं चला. मी बी तुमच्यासारखाच हुतो. स्टेअरिंगवर बसून बसून पार दगूड झाल्तो."

आम्ही पहिल्या गाडीने निघालो, बार्शीला गाडी बदलली, आणि परंड्याच्या अलीकडे उतरून दोन किलोमीटर चाललो. आबांचे घर मेंढरे राखणाऱ्यांचे. मेंढरांच्या वाड्याच्या काटक्यांच्या कुडाला लेंडीचा आणि ओल्या लोकरीचा वास. त्या कुडाच्या कडेने पंचवीस-तीस माणसे उकिडवी बसलेली, सगळी आमच्याच वळणाच्या चेहऱ्यांची. औषध फक्त रविवारी मिळे. ते पहाटे कुटले जाई आणि दुपारी उरलेले ओढ्यात सोडले जाई. उपाशीपोटी जायचे, पूर्वेकडे तोंड करून उभे राहायचे, आबा तळहातावर चिमूट ठेवतील ती त्यांच्यादेखत गिळायची. घरी न्यायची नाही. पैसा, नारळ, साखर, काही द्यायचे नाही. बरे वाटले असेही म्हणायचे नाही. आणि औषधाचे नाव विचारायचे नाही, कारण नाव विचारले की त्याचा गुण जातो. हा शेवटचा नियम सर्वांना लहानपणापासून ठाऊक असावा तसा ठाऊक होता. आमच्या भागात झाडपाल्याचे औषध देणारा कोणीही नाव सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. मलाही त्यात काही वावगे वाटले नाही. ज्याने उभ्या आयुष्यात स्वतः वाचल्याशिवाय एका कागदावर कुणाचा अंगठा घेतला नाही, त्याने राखेच्या रंगाची ती चिमूट न विचारता तोंडात टाकली. ती कडू होती आणि दातांत बारीक वाळूसारखी लागली.

दहा वाजेपर्यंत सगळे जण हातात डबे घेऊन ओढ्यापलीकडच्या शिवारात पांगले. उभ्या उसात कोण कुठे आहे ते दिसत नव्हते, पण आवाज येत होते. कुणी मुलीचे लग्न जमले का विचारत होते, कुणी उसाचे वजन सांगत होते. ड्रायव्हर कुठूनसा ओरडला, "साहेब, सुनावणी झाली का फुडची तारीख पडली?" उसातून चार ठिकाणांहून हसणे आले.

सुनावणी झाली होती. परतीच्या वाटेवर बार्शीच्या स्टँडमध्ये मला भूक लागली. ती भूकच आहे हे ओळखायला काही क्षण लागले. मी उभ्या उभ्या भजी खाल्ली आणि दुसरी प्लेट मागितली. घरी आल्यावर पत्नीने ताट वाढले तेव्हा मी पुन्हा जेवलो. ती भाकरी थापणे थांबवून मी किती खातो ते पाहत राहिली.

तेव्हापासून रविवार माझा राहिला नाही. इतर सहा दिवस मात्र मला परत मिळाले. असा करार कुणीही केला असता.

आता हमीपत्र. नागपंचमीच्या सुमारास आबा त्रासले होते. कुठल्याशा औषधवाल्याची माणसे येऊन नाव विचारत होती. आबांनी मला बाजूला घेतले आणि काहीतरी कागुद करून द्या म्हणाले. चार महिने मी त्यांचे फुकट खात होतो आणि आभारही मानता येत नव्हते. देण्यासारखे माझ्याजवळ जे एकच होते ते त्यांनी मागितले. मी त्याच दिवशी मेंढरांच्या कुडाला टेकून मसुदा केला. तो मला आजही पाठ आहे :

"मी खाली सही करणार, स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय व नशापाणी न करता लिहून देतो की, आबांकडून घेत असलेल्या औषधाचे नाव, घटक अथवा मूळ मी आजपावेतो विचारले नाही व यापुढे तहहयात, स्वतः अगर वारसांमार्फत, विचारणार नाही. विचारल्यास औषधाचा गुण संपुष्टात आला असे समजण्यास व औषध बंद करण्यास माझी हरकत राहणार नाही."

पहिली सही माझी. 'वारसांमार्फत' हा शब्द घातल्याचा मला अभिमान वाटला होता. पुढच्या रविवारी मी पन्नास झेरॉक्स घेऊन गेलो. नवा माणूस आला की ड्रायव्हर त्याच्यापुढे कागद धरी आणि म्हणे, साहेबांनी लिवलंय, डोळे झाकून सही कर. लोक करीत.

बधिरपणा पायांच्या बोटांपासून सुरू झाला. आधी वाटले, मांडी घालून बसल्याने मुंग्या येत असतील. मग मुंग्याही येईनाशा झाल्या. दिवाळीनंतरच्या त्या रविवारी मी बार्शीहून परतलो, धाराशिवच्या स्टँडवर उतरलो, रिक्षा न करता चालत घरी आलो. पत्नी दारात होती. तिने माझ्या पायांकडे पाहिले.

"अहो, दुसरी चप्पल कुठंय?"

मी खाली पाहिले. उजव्या पायात चप्पल होती. डाव्या पायात नव्हती, आणि टाचेतून रक्त येत होते. अर्धा मैल मी तसा चालत आलो होतो आणि मला काहीही कळले नव्हते. तिने मला पायरीवर बसवून टाचेतला काचेचा तुकडा काढला. ती काढत असताना मी समोरच्या भिंतीवरची पाल पाहत होतो. दुखतंय का, असे तिने विचारले. नाही म्हणालो. तिने ते तीन वेळा विचारले.

त्यानंतर रविवारचा प्रवास थांबला. गावातल्या डॉक्टरांनी शक्तीच्या गोळ्या दिल्या. होळीपर्यंत त्या घेतल्या. दरम्यान पोट पुन्हा बंद झाले, पूर्वीपेक्षा पक्के. आणि उजव्या हाताची शेवटची दोन बोटेही पायांपाठोपाठ बधिर झाली. कागदावर हात टेकला आहे की नाही हे मला पाहून ठरवावे लागू लागले. लिहिताना ओळ खाली घसरे. पंचेचाळीस वर्षांत माझी ओळ घसरली नव्हती.

सोलापूरच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी दुर्बिणीने आतडे तपासले आणि पडद्यावर दाखवले. आतून ते काळपट झाले होते. वर्षानुवर्षे तीव्र रेचक घेणाऱ्यांचे असे होते, त्याची फार भीती नाही, असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या बोटांना सुई टोचली. मी खिडकीबाहेर पाहत होतो. टोचून झाली हे त्यांनी सांगितल्यावर समजले.

"काका, काय घेत होता?"

"चूर्ण. आठ वर्षे. दर रविवारी."

"कशाचं?"

"माहीत नाही."

"कधी विचारलं नाहीत?"

"विचारणार नाही, असे लिहून दिले आहे."

त्यांनी पेन खाली ठेवले. साखर नव्हती, दारू नव्हती, बधिरपणाची नेहमीची कारणे नव्हती. चूर्णात एखादा धातू, एखादे भस्म असू शकेल, नसूही शकेल, असे त्यांचे म्हणणे. रक्त तपासले, पण औषध थांबून चार महिने झाले होते आणि अहवालावरून काहीच ठरेना. त्यांनी मला सरळ सांगितले की काय खाल्ले ते कळल्यास उपचाराला दिशा मिळेल आणि हात कदाचित वाचेल. न कळल्यास त्या अंदाजाने औषध देतील, आणि बधिरपणा अंगठ्यापर्यंत जाईल की नाही हे त्यांना सांगता येणार नाही. चूर्णाची चिमूट आणा, नाहीतर नाव आणा. एवढे काम.

अक्षय तृतीयेनंतरच्या रविवारी मी गेलो. पत्नी सोबत होती, कारण पायरी कुठे संपते ते आता ती सांगते. कुडाच्या कडेने माणसे बसली होती. मी पूर्वेकडे तोंड केले नाही. आबांच्या समोर उभा राहिलो, पायांची आणि हाताची हकिगत क्रमाने सांगितली, डॉक्टरांचे म्हणणे सांगितले, आणि नाव विचारले.

आबा रागावले नाहीत. ते आत गेले आणि प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक कागद घेऊन आले.

"ह्यो तुमचाच न्हवं का?"

"माझाच."

"मग वाचा की मोठ्यानं. मला काय वाचता येत न्हाय. ह्यास्नी बी कळूद्या काय लिवलंय."

मी वाचले. सगळे वाचले, 'मी खाली सही करणार' पासून 'हरकत राहणार नाही' पर्यंत. खाली सही माझी होती, ओळ सरळ होती. वाचून झाल्यावर मी कागद आबांच्या हाती दिला. मग ड्रायव्हर हळूच म्हणाला, "लिवलंय मातर झकास, साहेब." त्याला टोमणा मारायचा नव्हता. त्याला खरोखर तसे वाटत होते.

"इचारलं, गुण गेला," आबा म्हणाले. "आता तुमास्नी द्यायचं बी न्हाय. तुमच्याच कागदात हाय."

माझ्या मसुद्यात पळवाट नव्हती. मी ती ठेवत नसे.

परतीच्या गाडीत पत्नीने विचारले, राग आला का. मी आत शोधून पाहिले. जिथे तो असायला हवा तिथे हात लावला तर बोटांसारखेच काही लागले नाही. मला वाक्ये सुचत होती. तेवढेच होत होते.

ती वाक्ये मी लिहिली. रजिस्टर्ड पत्रे तीन. तिन्ही 'घेण्यास नकार' अशा शेऱ्यासह परत आली. पत्र घेण्यास नकार देणे म्हणजे ते मिळाल्यासारखेच धरले जाते, ही गोष्ट मी शेकडो पक्षकारांना समजावली आहे. आबांनाही ती लागू आहे. ग्राहक म्हणून दाद मागायचा विचार केला तेव्हा माझ्याच पेटीजवळ बसणाऱ्या वकिलांनी आठवण दिली की मोबदला दिल्याशिवाय माणूस ग्राहक होत नाही. आठ वर्षांत मी आबांना एक सुपारीही दिली नव्हती. त्यांच्या नियमांचे संपूर्ण पालन हाच माझ्याविरुद्धचा पुरावा. औषधांची तपासणी करणाऱ्या सरकारी कार्यालयात अर्ज दिला. तेथून माणूस चौकशीला गेला, पण तो कामाच्या वारी गेला. चूर्ण रविवारी पहाटे अस्तित्वात येते आणि दुपारी ओढ्यात जाते. सरकारचा रविवार सुट्टीचा. चौकशी अहवालात 'निरंक' असे लिहून आले. शब्द बरोबर आहे.

ड्रायव्हरला मी विनंती केली की चिमूट गिळल्यासारखे करून रुमालात धर. त्याने मान हलवली. मग म्हणाला, माझा गुण जाईल की, साहेब, मग मी काय करू? मी आग्रह केला नाही. चार दिवस म्हणजे काय आणि पाच दिवस म्हणजे काय, हे मला माहीत आहे.

तोच ड्रायव्हर श्रावणात घरी आला. आबांचा निरोप होता. एकट्याने यावे, ते कानात नाव सांगतील. माणूस जुना आहे, हात जातोय हे त्यांनाही बरे वाटत नाही. अट एकच. ते नाव मी कुणालाही सांगायचे नाही, डॉक्टरांनाही नाही, तशी मेंढरांच्या कळपात शपथ घ्यायची.

पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आली. शपथ घ्या आणि मोडा, असे ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्यावर ओरडली. "तुमचा हात हाय का दुसऱ्याचा?"

मी उत्तर देणार तेवढ्यात मला ड्रायव्हर दारात दिसला. तो निघाला होता. उंबऱ्यापाशी वाकून तो पायात चप्पल आहे की नाही हे हाताने चाचपून पाहत होता. दोन्ही पाय. मग माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला की वय झालं, दुसरं काय.

मी त्याला थांबवले. कधीपासून, असे विचारले. गेल्या दसऱ्यापासून असेल, तो म्हणाला, आणि तो एकटा नाही. कुडाला बसणाऱ्यांत अजून दोघे-तिघे आहेत. ते बोलत नाहीत, कारण बोलले की विचारणे आले.

निरोपाला मी त्याच वेळी नकार दिला. जे नाव डॉक्टरांना सांगता येत नाही ते माझ्या कानात असून नसून सारखे. आणि शपथ मोडून माझा हात सोडवला तरी बाकीच्यांचे पाय सुटत नाहीत. त्यांना गप्प राहायला लावणारा कागद मी लिहिला आहे. कानात घेतलेले उत्तर हा दुसरा तसाच कागद झाला असता.

पत्नी त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिने विचारले की हे मी कुणाला लिहितो आहे. तिला वाचून दाखवले. आता लेखणी मी डाव्या हाताने उजव्याच्या मुठीत बसवतो, म्हणून अक्षर वाईट आहे. तिने ऐकले आणि चुलीवरचे दूध उतू गेले.

हमीपत्र क्रमांक एकचा सही करणारा आणि सर्व प्रतींचा मसुदाकार या नात्याने मी ते आजपासून मागे घेतो. ते मी दिले होते, मी परत घेऊ शकतो. ज्यांनी माझ्या शब्दावर विसंबून सही केली, त्यांनी आपली सही माझ्याविरुद्ध वाचावी, स्वतःविरुद्ध नव्हे.

आबांना माझी मागणी. आपण दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी, औषध वाटण्यापूर्वी, कुडाच्या कडेने बसलेल्या सर्वांसमोर उभे राहून दोहोंपैकी एक सांगावे. चूर्णात काय आहे ते सांगावे, मूळ असो, साल असो, भस्म असो. किंवा ते आपणांस ठाऊक नाही, आपल्या वडिलांनी दिले तसे आपण देत आहात, असे सांगावे. दुसरे उत्तर खरे असेल तर त्यात अपमान नाही; मी ते पहिल्याइतकेच ग्राह्य धरीन आणि तसे डॉक्टरांना कळवीन. गुण जाईल ही सबब मी मान्य करीत नाही. जो गुण नाव ऐकताच जातो त्याचा हिशेब आपण आणि मी मिळून त्या माणसांना द्यायचा आहे.

मी त्या दिवशी तेथे असेन. माझ्या पत्नीसमक्ष, ड्रायव्हरसमक्ष, ज्यांचे पाय बधिर झाले आहेत आणि ज्यांचे अजून झालेले नाहीत अशा सर्वांसमक्ष आपण उत्तर द्यावे. मला एकट्याला बाजूला बोलावू नये. मी येणार नाही.